डावं मागचं चाक

३ मार्च
ट्रॅक्टरचं डावं मागचं चाक व्हॉल्व्हपाशी गळतंय. ट्रॅक्टर माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान. चाकाला वजन यावं म्हणून जुन्या मालकाने मागच्या टायरांत क्षाराचं पाणी भरून ठेवलंय. वजन येतं, पण रिम आतून खाल्ली जाते. ही म्हणाली, वेल्डरला दाखवा. मी म्हटलं, तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाला वेल्डर काय शिकवणार? ही म्हणाली, तिथे तुम्ही पार्ट खिडकीतून नुसते द्यायचात.
निश्चय : रिम स्वतः दुरुस्त करणार. शनिवारपर्यंत.

४ मार्च
वायर ब्रशने गंज काढला. गंज काढता काढता रिमच निघायला लागली. पापुद्रे. व्हॉल्व्हच्या भोकाशी स्क्रूड्रायव्हर जरा टोचून पाहिला, आरपार गेला. स्क्रूड्रायव्हर चांगला आहे.

५ मार्च, दुपारी
हिने परस्पर वेल्डरला फोन केला होता. तो आला तेव्हा ही रोपांना पाणी घालायला खाली गेलेली. त्याने हातोडीने रिमवर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, काका, हिला आता निरोप द्या. वेल्डिंग करून दे म्हटलं तर दोन पावलं मागेच सरला. टायर चढलेल्या रिमला ठिणगी दाखवली की आतली हवा तापून टायर फुटतो म्हणे. त्याच्या उस्तादाचा एक कान तसाच गेला. नवी रिम मागवा, आठ दिवस लागतील, तोवर ट्रॅक्टर हलवू नका, बाजूने कालवा आहे तुमच्या.
आठ दिवस! रोपवाटिकेत नऊ हजार रोपं, आणि वरच्या वाफ्यांचं सगळं पाणी ट्रॅक्टरमागच्या टाकीने जातं. या लोकांना घाबरवायला काय जातं?
हिने वर आल्यावर विचारलं, काय म्हणाला? थोडक्यात सांगितलं की वरवरचं काम आहे. तपशिलाचा हिला कंटाळा येतो.

७ मार्च, शनिवार
काम फत्ते! इपॉक्सी पुट्टीचे तीन थर, वर पॉलिश पेपर, वर चंदेरी रंगाचे दोन हात. आता उजवं चाकच आजारी दिसतं.
ही आली, रिमवरून हात फिरवला आणि म्हणाली, तुमच्या हातात कला आहे हो. लग्नाला चौतीस वर्षं झाली. याआधीचं कौतुक टाकीचा नळ बसवला तेव्हाचं, तेही नळ गळेपर्यंत टिकलं. संध्याकाळी लेकीला फोन करून सांगत होती, बाबांनी चाक नवंकोरं केलं. अंगावर मूठभर मांस चढलं.

९ मार्च, पहाटे
व्हॉल्व्हपाशी रंगातून पांढरे कण वर आलेत. फडक्याने पुसले. ही उठायच्या आत रंगाचा एक हात मारला. नवा रंग असं करतो.

१० मार्च, पहाटे
पुन्हा कण. पुन्हा रंग.

११ मार्च
ही आता टाकी काठोकाठ भरून नेते. पूर्वी अर्धी न्यायची. म्हणाली, चाक भक्कम झालंय, दोन खेपा वाचतात. मी म्हटलं, अर्धीच ने. तर म्हणाली, स्वतःच्या कामावर भरवसा नाही का तुमचा? मी म्हटलं, आहे की.
ती कालव्याच्या कडेने चढावर गेली. परत येईपर्यंत फाटकात उभा होतो. पाय मोकळे करायला.

१२ मार्च
शेडमध्ये कुणी नसताना चाकातून कट्ट असा आवाज आला. दोनदा. लोखंड ऊन-सावलीला वाजतंच.
पुट्टीला केसाएवढी चीर. केस बारीक असतो.

१३ मार्च
निश्चय : हिला आज सगळं सांगायचं. जेवताना सांगणार होतो, पण ही फार खुशीत होती. वरचे वाफे पहिल्यांदाच वेळेवर भिजले.
म्हणून दुसरा, अधिक पक्का उपाय. ट्रॅक्टरची किल्ली साखरेच्या डब्यात लपवली.
चहाच्या वेळी हिला ती सापडली. खूप हसली. म्हणाली, वय झालं तुमचं.

१४ मार्च, सकाळी ६.४०
चाकाखालची माती ओली आहे. ही सीटवर चढली तेव्हा धावत गेलो, थांब म्हणून ओरडलो. तिने इंजिन बंद केलं आणि विचारलं, काय? रंग इतका छान चमकत होता. मी म्हटलं, टोपी घाल, ऊन लागेल.
टोपी घातली आणि गेली.

सकाळी ७.१५
कालव्याकडून आवाज आला. आपल्या टायरचा नसावा.

१६ मार्च, हॉस्पिटल
रिम व्हॉल्व्हपाशी फाटली, टायर निसटला, ट्रॅक्टर कालव्याच्या उतारावर कलंडला. टाकी आडवी अडकली म्हणून ही वाचली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. डॉक्टर म्हणतात, काठी घेऊन चालतील, ट्रॅक्टर मात्र विसरा. अठरा वर्षं ती एकटीच तो चालवत होती. मला क्लच जमत नाही.
ट्रॅक्टर बाहेर काढायला वेल्डरच आला होता. पुट्टीचं एक ढेकूळ माझ्या हातात ठेवलं. काकू कशा आहेत एवढंच विचारलं. ढेकूळ कुठे टाकावं कळेना, खिशातच आहे.

१७ मार्च, दुपारी ४
ही पूर्ण शुद्धीवर आली. निश्चय केलेलाच होता, स्टूल ओढून जवळ बसलो, अगं ऐक म्हटलं. पण तिचे डोळे भरून आले, म्हणाली, आधी मला बोलू द्या. माझंच चुकलं. तुम्ही अर्धी टाकी ने म्हणत होतात, मी ऐकलं नाही. एवढ्या मेहनतीने केलेलं चाक माझ्या हावरटपणाने गेलं. रागावलात ना माझ्यावर?
मी तिच्या कपाळावर हात ठेवला. म्हटलं, नाही गं, मी नाही रागावलो.