टीव्हीवर ठेवलेला हात

आप्पा, आपल्या घरात आता पासष्ट इंची टीव्ही आहे. भिंतभर. त्याला जागा व्हावी म्हणून तुमचा फोटो मी कपाटाच्या बाजूला हलवला, आणि खरं सांगते, तसं करताना मला जराही वाईट वाटलं नाही.

तुमचा टीव्ही मला चांगला आठवतो. लाकडी पेटीतला, पुढे सरकती फळी, फळीला कुलूप आणि किल्ली तुमच्या करदोट्याला. तुम्ही चादरीच्या कारखान्यात गेलात की आई त्या बंद पेटीसमोर मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. एका दुपारी मी केसांच्या पिनेनं ते कुलूप उघडलं. आई एकीकडे वळतेय, एकीकडे बघतेय, गालातल्या गालात हसतेय. तुम्ही यायच्या आत मी सगळं जागच्या जागी लावलं. तुम्ही आलात आणि चपलाही न काढता पेटीवर तळहात ठेवलात. "गरम हाय," म्हणालात. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच लावला व्हता." "बाईमाणसाचं ध्यान तिकडं गेलं की हात थांबत्यात," एवढंच बोललात, पण शेजारी ऐकू जाईल असं. दुसऱ्या दिवसापासून अँटेनाची वायरसुद्धा डब्याच्या पिशवीत घालून कामावर न्यायला लागलात. वायर, आप्पा. त्या बाईनं तुमचं काय घोडं मारलं होतं? तिच्या बोटांना विसावा नव्हताच, तुम्ही डोळ्यांवरही पहारा बसवलात. तुम्ही गेलात तेव्हा लोक म्हणाले, मोठा शिस्तीचा माणूस. मला मात्र ती पिशवीतली वायर आठवत होती.

म्हणून हा टीव्ही मी आईसाठी घेतला आणि रिमोट तिच्याच हातात दिला. ती अक्कलकोटकडची, माहेरी कानडी बोलणारी, तिनं बरोबर कन्नड मालिका शोधून काढल्या. मी ऑफिसातून आले की चहा ओतता ओतता एकेक भानगड सांगायची. "ती थोरली सून लई बेरकी हाय की गं." तिला इतकं बोलताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात हे बोलणं बंद झालं. शुक्रवारी मी लवकर घरी आले, तर आई काळ्या पडद्यासमोर रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेली. लावला का नाहीस, विचारलं. म्हणाली, "चार दिस झालं, आकडं मागतोय. तू बंद केलं असशील म्हटलं. कशाला इचारायचं?"

ते चार आकडी कुलूप मीच घातलं होतं, माझी मुलगी दहावीला आहे म्हणून. आईचा विचार माझ्या मनातही आला नाही. आणि वर मी तिच्यावरच ओरडले, विचारायला तोंड नव्हतं का म्हणून. न विचारणं तिला तुम्ही शिकवलंत, आणि त्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही. कुलूप मी तिथल्या तिथे काढलं. काल तिनं परत मालिका लावली, पण लावण्याआधी माझ्याकडे बघितलं.

हे मी तुमच्या फोटोपुढे वाचणार नाही, फाडून टाकीन. एकच सांगायचं राहिलं. त्या शुक्रवारी घरात आल्या आल्या, आईशी बोलायच्या आधी, मी टीव्हीच्या मागे तळहात लावून पाहिला होता. गार लागला, आणि मला बरं वाटलं.