कापलेली दोरी

लडिंग्टन, २१ ऑगस्ट

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. सरोवरात ट्राउट मासे रोज मिळतात. आत्याकडे वेळेवर जेवता ना? गुडघा कसा आहे?

मंगळवारची गोष्ट तुम्हाला माझ्याकडूनच कळावी. आठ गळ मागे सोडून मी बोट हळूहळू चालवत होते. पैसे देऊन मासेमारीला आलेलं गिऱ्हाईक म्हणजे हार्लन नावाचे म्हातारे मास्तर. त्यांच्या गळाला मोठा सॅमन लागला आणि तेवढ्यात पश्चिमेला आभाळ काळं झालं. मासा ओढत बसलो असतो तर किनारा गाठता आला नसता.

“दोरी कापते,” मी म्हणाले.

“पोरी, जन्मभर वाट पाहिलीय मी याची.”

मी कापली. बोट किनाऱ्याकडे वळवली. बोट बांधेपर्यंत लाटा धक्क्यावरून उडायला लागल्या. मास्तर बघत उभे राहिले, मग म्हणाले, “हे तुला शिकवलं कुणी?”

“बाबांनी.”

एमेटदादा बुडाला त्या दिवशी असंच वादळ येत असताना तुम्ही दोरी कापली नव्हती, हे मी सांगितलं नाही. पण शिकले तुमच्याकडूनच, ते काही खोटं नाही.

त्या दिवसापासून सात वर्षं तुम्ही सरोवराकडे फिरकला नाहीत. एकदा या, बाबा. सुकाणू मी धरेन.

तुमचीच,
लोर्ना