आजीच्या नावाची ओळ

३ जुलै

जुळलं! गुहेतल्या बाईचा दात आणि एदुविना आजींची लाळ — डीएनएची खूण न् खूण एक. ओरियानाने संगणकावर तीनदा ताडून पाहिलं. आठशे वर्षांपूर्वी बेटावरच्या गुहेत पुरलेली ती बाई, आणि आज इथे चिलीच्या दक्षिण टोकाला, पुंता अरेनासच्या धक्क्यावर लव्हाळ्याच्या टोपल्या विकणाऱ्या आजी. आई, तिची आई, तिची आई — फक्त बायकांतून खाली उतरत आलेली एकच रेघ. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, डॉक्टर अल्दुनातेंनी, चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. "नेवेंका, हाताला यश आहे तुझ्या," म्हणाले.

दात मीच कोरला होता.

फक्त ओरियाना कुरकुरली. "आठशे वर्षांच्या मानाने फारच धडधाकट आहे हो हा डीएनए. जुना म्हणजे तुटका-फुटका असतो." डॉक्टर म्हणाले, थंडीने राखला असेल. आणि यादी तर तपासलीच आहे. हाडांच्या खोलीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून त्याची खूण यादीत ठेवतात — आमच्यापैकी कुणाची थुंकी दातात गेली तर पकडली जावी म्हणून. यादीत कुणाशीच जुळलं नाही. म्हणजे दात स्वच्छ.

४ जुलै

यादीत माझ्या नावापुढची खूण माझी नाही.

तीन वर्षांत हे कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.

५ जुलै

लिहायचंच तर सगळं लिहावं. नोकरीला लागले तेव्हा बोळ्याबरोबर एक फॉर्म होता. आईचं नाव, आईच्या आईचं नाव, मूळ गाव. मी सगळ्यांना सांगून बसले होते की माझं आजोळ क्रोएशियाचं. नाव नेवेंका — कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. पण हे नावही मूळच्या क्रोएशियाच्या दानित्साबाईंनी ठेवलेलं. आई त्यांच्या घरी चाळीस वर्षं कामाला आहे. मी त्यांच्या मागच्या खोलीत वाढले. शाळेत माझ्या गालफडांकडे बघून पोरं म्हणायची, "ही होडीतली. हिची होडी कुठे बांधलीय बघा रे." मी घरी येऊन तोंड घासघासून धुवायची.

तर बोळा मी दानित्साबाईंचा घेतला. सरावासाठी हवाय म्हटलं. दाताच्या डॉक्टरपुढे उघडावं तसं त्यांनी तोंड उघडलं. आई ओट्यापाशी बटाटे सोलत होती. तिने बघितलं. पुढचा बटाटा उचलला. आजीच्या ओळीत मी दानित्साबाईंच्या आईचं नाव लिहून टाकलं. खरं नाव मला ठाऊकच नाही! आईला विचारलं की ती उठून दुसऱ्या कामाला लागते. मला वाटायचं, तिला स्वतःच्या आईची लाज वाटते. मग मी तिची लाज वाटून घेतली तर काय बिघडलं — असं मी मनाला समजावत आले.

९ जुलै

एदुविना आजी प्रयोगशाळेत आल्या. बाहेर वारा असा की रस्त्यात त्यासाठीच बांधलेली दोरी धरून रस्ता ओलांडावा लागला त्यांना. पिढ्यान्‌पिढ्या होडीतच राहिलेल्या कावेस्कार लोकांपैकी त्यांच्या घरातल्या त्या एकट्याच उरल्यात. डॉक्टरांनी दाताचा निकाल समजावून सांगितला. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ती माझ्या घरातली?" डॉक्टर हो म्हणाले.

ऑगस्टअखेर वारा पडला की आजी हाडं होडीने नेऊन स्वतःच्या आईशेजारी पुरणार आहेत. दात ठेवायला मुठीएवढी टोपली विणून आणलीये. तसलीच एक मला दिली. "तू शोधलीस तिला," म्हणाल्या. मग सहज सांगावं तसं सांगितलं — "माझ्या आईची धाकटी बहीण होती. चौदाव्या वर्षी मेंढ्यांच्या मोठ्या मळ्यावर कामाला नेली. उन्हाळ्यात परत येईल म्हणाले. माझी आई मरेपर्यंत उन्हाळे मोजत होती. घरातली कुणीतरी परत आली, बरं झालं."

टोपली घेताना मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

११ जुलै

आठवलं. दात कोरला त्या दिवशी मला सर्दी होती. नाक वाहत होतं. हातमोज्यानेच मास्क खाली ओढला, नाक पुसलं, मास्क वर केला — आणि मोजा न बदलता दात उचलला. एक मिनिटसुद्धा नसेल. तेव्हा वाटलं, एवढ्याने काय होतंय.

यादीत माझी खरी खूण असती तर निकालाच्या दिवशीच कळलं असतं. त्या दातात मी असेन तर ते फक्त मलाच कळू शकतं. आणि त्या म्हाताऱ्या बाई कुणा परक्या बाईला आपल्या आईशेजारी पुरणार.

१६ जुलै

कार्मेन मातेची सुट्टी. आईने मटण-बटाट्याचा रस्सा, कासुएला, केला होता. ती वाढत होती आणि मला मटणवाल्याचं दुकान आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी तिथे डॉक्टर भेटले. आईच्या हातात दोन्ही पिशव्या. त्यांनी हसून विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "आमच्याकडे कामाला असतात." आईने मान लववली. "नमस्कार साहेब," म्हणाली. आणि परत येताना माझ्या दोन पावलं मागून चालली — कुणी सांगितलं नसताना!

त्यावर आम्ही आजवर बोललो नाही. मी मेले का नाही तिथेच.

२३ जुलै

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

२४ जुलै

आजही नाही. डॉक्टरांनी एदुविना आजींसाठी होडी ठरवली.

३ ऑगस्ट

आईला सांगितलं. सर्दी, मोजा, दात, सगळं. वाटलं होतं, म्हणेल — गप्प बस, नोकरी जाईल. ती इस्त्री करत होती. इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "तेव्हा तुझ्या जागी दानित्साबाईंनी तोंड उघडलं. आता तुझं तू उघड."

मी म्हटलं, "आई, मटणवाल्याकडे —"

"तेही सांग," म्हणाली. "तिथे काही मी तुझी मोलकरीण नव्हते."

५ ऑगस्ट

सांगितलं.

डॉक्टर ओरडले असते तर सोपं गेलं असतं. हळू आवाजात म्हणाले, "मास्कचं कुणाचंही चुकतं, नेवेंका. माझंही चुकलंय. पण यादी म्हणजे आपला शब्द असतो." मग विचारलं, "मग तुझी आई कोण?"

"तुम्ही भेटलायत तिला. मटणवाल्याकडे."

त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. आठवलं तेव्हा त्यांनीच मान खाली घातली. ओरियाना उठून बाहेर गेली.

हाडांची खोली मला बंद. माझा बोळा घेतला — खरा. गुहेतल्या त्याच बाईचा दुसरा दात, ज्याला मी हातही लावलेला नाही, तो सान्तियागोच्या प्रयोगशाळेत जाणार. डॉक्टर म्हणाले, "आणि त्या बाईंना तूच सांगायचंस. मी नाही सांगणार."

६ ऑगस्ट

एदुविना आजींकडे गेले. चुलीजवळ विणत बसल्या होत्या. मला मातेचा कडू चहा दिला. मी सगळं सांगितलं, मधे थांबले नाही. शिव्या दिल्या नाहीत. फक्त विचारलं, "म्हणजे थांबू?"

"थांबा."

मुठीएवढी टोपली खिडकीत ठेवलेली होती. ती उचलून त्यांनी फळीवर, डब्यांच्या मागे ठेवली.

२८ ऑगस्ट

दोन्ही निकाल एकदमच आले. दुसऱ्या दातातली, म्हणजे गुहेतल्या बाईची खरी खूण वेगळीच आहे. तुटका-फुटका, खरा जुना डीएनए, आणि एदुविना आजींशी काही संबंध नाही. पहिल्या दातातली खूण माझ्या बोळ्याशी जुळली. पहिल्या दातात मीच होते.

डॉक्टरांनी आजींना बोलावून घेतलं होतं. त्यांची माफी मागितली, मीही मागितली. मग डॉक्टर, ओरियाना आणि मी आपापसातच बोलत सुटलो. दाताच्या निकालावरचा शोधनिबंध मागे घ्यायचा, होडी रद्द करायची, कुणाकुणाला कळवायचं. आजी तिथे बसल्यात हेही विसरलो होतो.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "दातातली ती बाई माझी नाही. समजलं. पण माझ्याशी जुळलं होतं ना कुणीतरी? मग ते कोण?"

ओरियानाचा हात की-बोर्डवर तसाच राहिला. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी माझ्या बोळ्याचा निकाल उचलून आजींपुढे ठेवला.

३० ऑगस्ट

आई स्वतःचा बोळा द्यायला प्रयोगशाळेत आली. बरा कोट घालून. डॉक्टर उठून उभे राहिले, स्वतः खुर्ची दिली. एदुविना आजी आधीच येऊन बसल्या होत्या. नवा फॉर्म मीच भरत होते. "आईच्या आईचं नाव," मी म्हटलं. आई उठली आणि खिडकीपाशी जाऊन पडदा सारखा करायला लागली. सगळ्यांसमोर! मला नेहमीसारखी तिची लाज वाटली.

"तिला विचारू नकोस," एदुविना आजी म्हणाल्या. "गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात तोंडावर आणत नाहीत. माझ्या आईनेही बहिणीचं नाव कधी घेतलं नाही." मग आईकडे वळून हळूच म्हणाल्या, "चांगलं शिकवलंय तुला तिने."

आईच्या हातातला पडदा तसाच राहिला.

"आणि तू मला आजी म्हणणं बंद कर," मला म्हणाल्या. "मावशी लागते मी तुझी."

ती ओळ रिकामी ठेवून मी खाली सही केली.