एका वेळी एकच पुर्जा

ती. दादा यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकायला डॉक्टरांची मनाई नाही, सरळ होताना मात्र खुर्ची धरावी लागते.) तुमची तब्येत उत्तम असेलच, वहिनींचा गुडघाही आता जरा ऐकत असेल. तुमची बहीण हवापालटासाठी तुमच्याकडे गेली आहे, असं मी इथे सगळ्यांना सांगितलं आहे. तिने तिकडे काय सांगितलं आहे याची मला कल्पना नाही, म्हणून खरी हकिकत कानावर घालतो. ती माझ्यावर रागावली आहे आणि येत्या सोमवारी माझ्या हृदयाला विजेचा झटका द्यायचा आहे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

तुम्हाला माहीतच आहे, बिघडलेलं शिवणयंत्र मी कानाने तपासतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्रावर, मूठ कानावर, की आतलं सगळं ऐकू येतं. शिवणक्लासच्या बाईंचं यंत्र असंच ऐकत होतो, तर आत ठोका चुकत होता. दोन घाईघाईने, मग एक गायब, मग पाच-सहा एकदम, जेवणाची घंटा झाल्यावर शाळेतली पोरं सुटावीत तसे. मी गंभीर चेहरा करून बाईंना मुख्य दांडा झिजल्याचं सांगितलं (गंभीर चेहरा हा आमच्या धंद्यातला निम्मा माल), यंत्र खोललं, पुसलं, तेल दिलं, जोडलं, पुन्हा कान लावला. तोच गोंधळ. पुन्हा खोलायला घेतलं तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, पण यंत्र चालू कुठे आहे?" मग माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी स्वतःलाच ऐकत होतो. बाईंनीच मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण आहेत, पण समजावून सांगायची त्यांना फार हौस. हृदयाला वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली दोन. वरच्यांनी शिस्तीत आकसून रक्त खाली ढकलायचं असतं. माझ्या वरच्या खोल्या आकसत नाहीत, नुसत्या थरथरतात. (आमच्या गल्लीच्या समितीचंही असंच आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. बहुधा तेही कुठल्या समितीवर असावेत.) थरथरण्याने जीव लगेच जात नाही, पण रक्त तिथल्या कोपऱ्यात साचतं, साचलं की गुठळी होते आणि ती सुटून मेंदूकडे गेली की माणूस एका बाजूने लुळा पडतो. म्हणून एक गोळी ठोक्यांचा वेग आवरायची, एक रक्त न गोठू देणारी, आणि काही आठवड्यांनी, मला झोपवून, छातीवर झटका देऊन ताल परत बसवायचा. घोरण्याचीही चौकशी झाली. झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानेही हा आजार बळावतो म्हणे. त्यावर तुमच्या बहिणीने, अनेक वर्षांनी कुणीतरी विचारलं या आनंदात, डॉक्टरांना सविस्तर माहिती दिली.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. समोरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले की हे सगळं पोटातल्या वायूमुळे होतं. मनगटावर काळं घड्याळ बांधणारा त्यांचा जावई दर पाच मिनिटांनी माझा हात धरून आकडा जाहीर करायचा आणि माझ्याकडे असा बघायचा की जणू मी त्याच्या घड्याळाची बदनामी करतोय. शेजारचे प्लंबर (फार भला माणूस) रक्त पातळ केलं तर ते गळणारच, असं त्यांच्या अनुभवावरून सांगून गेले. दादा, बाकी कुणाचं मी ऐकलं नाही. हे मात्र पटलं. माझ्या बोटात दिवसातून दोनदा सुई शिरते.

आणि इथे माझा धंदा मला नडला. आमचा नियम असा की एका वेळी एकच पुर्जा बदलायचा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. डॉक्टरांनी दोन गोळ्या एकदम दिल्या, हे मला कच्च्या कारागिराचं काम वाटलं. म्हणून आधी फक्त वेगाची गोळी चालवून बघितली. धडधड कमी झाली, जिना चढता आला. मग दुसरीची गरजच काय? ती घेतली तरी काही कळत नव्हतं, नाही घेतली तरी काही कळत नव्हतं. तुमची बहीण रोज जेवणानंतर ती माझ्या तळहातावर ठेवायची, मी पाणी प्यायचो आणि गोळी बटणांच्या डब्यात टाकायचो. झटक्यासाठी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी माझ्या शर्टाला बटण लावायला तिने तो डबा उघडला.

ती ओरडली नाही. तिने दवाखान्यात फोन केला, झटका रद्द झाला. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं की आत गुठळी असती आणि ताल परत बसला असता, तर तीच ढकलली जाऊन डोक्यात गेली असती. या गोळीचं काम काहीही होऊ न देणं हेच आहे, आणि ते तुम्हाला कळणार कसं, असं त्यांनी विचारलं. घरी आलो तर तिची पिशवी भरलेली होती.

त्या दिवसापासून मी एकही गोळी चुकवलेली नाही. (सुई लागली की जरा जास्त वेळ दाबून धरावं लागतं, एवढंच.) सोमवारी आधी आतून तपासून बघणार आणि गुठळी नसेल तरच झटका देणार. काळजीचं काहीच कारण नाही. मी अगदी मजेत आहे.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता. क. झटक्यानंतर एकट्याला घरी सोडत नाहीत, बरोबर घरचं माणूस लागतं. तेवढ्यापुरतं तिला विचारून बघाल का?

पुन्हा ता. क. घरचंच लागतं असं नाही. कुणीही चालतं, आणि प्लंबर यायला एका पायावर तयार आहेत. मीच नको म्हटलं. शुद्धीवर आल्यावर समोर प्लंबर दिसला तर बसलेला ताल पुन्हा जाईल.

आणखी एक. तुमच्या वडिलांना अर्धांग झाल्यावर शेवटपर्यंत तिने चमच्याने भरवलं, आणि मी तिच्याच हातची गोळी डब्यात टाकत होतो. ती का गेली हे मला कळतं, दादा. मला सोमवारची भीती वाटते. तिचा राग जायची वाट बघू नका, तेवढा वेळ नाही. रागासकट पाठवा.