धोंडिबांचा रापलेला रंग

मंगळवार, संध्याकाळ, येडगाव

उद्या माझे जुने शेतकरी मित्र धोंडिबा यांच्या दशक्रियेत मी बोलणार. फ्लेक्ससाठी मीच काढलेला त्यांचा फोटो हवा होता, म्हणून त्यांच्याच ओसरीवर लॅपटॉप उघडला. फोटो सुधारायचं महागडं सॉफ्टवेअर, कंपन्यांची मक्तेदारी नको या तत्त्वासाठी, सोडलंय. या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्यातली रॉ, म्हणजे संस्कार न केलेली, फाइल मलूल उघडली आणि माझा हात चेहरा उजळत गेला. गोऱ्या रंगाच्या वेडाविरुद्ध व्यासपीठं गाजवणारा मी!

त्यांच्या पत्नी सखुबाई वाकून बघत म्हणाल्या, "भाऊ, ह्यो गोरा पावणा कोन? आमचं मानूस उन्हात राबलेलं व्हतं."

लाज वाटली. उजळपणा काढला. टोपीखालचं फिकट कपाळ, त्याखाली रापलेला चेहरा... तो रंग परत आला.

"आता हायेत," म्हणत त्यांनी पदर तोंडाला लावला.

लिहिलेल्या भाषणातही मी धोंडिबांना, पटकन भडकणाऱ्या माणसाला, कधीच न चिडणारा संत केलं होतं. ते फाडलं.