विमलअक्कांच्या हातची गोळी

सोम., ६ जाने., साक्री
रेखाचं रक्त पुन्हा तपासलं. हिमोग्लोबिन साडेसहा. सातवा महिना, आणि मागच्या तपासणीलाही तेवढंच. लॅबमध्ये बारा वर्षं काढली, पण इतकी पांढरीफटक पापणी क्वचितच पाहिली. चार पावलांत धापा टाकते, चुलीची माती खाते. चिडलेच मी. लोहाच्या गोळ्या उकिरड्यावर टाकतेस ना, म्हणून तोंडावर विचारलं. तिला घेऊन आलेल्या गावच्या आशा कार्यकर्त्या, विमलअक्का, शांतपणे म्हणाल्या, "ताई, मी रोज समोर उभी राहून गिळायला लावते." मला खरं वाटलं नाही.

गुरु., ९
रेखाचा सिकलसेलचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह! इकडच्या पाड्यांवर रक्ताचा तो आनुवंशिक आजार फार, म्हणून धाकधूक होती. जंताचं औषधही झालंय. डॉक्टर सर म्हणाले, लोहच कमी आहे, मग गोळीनं चढत का नाही? खोटं बोलतात, दुसरं काय, असं मी बोलून गेले.

रवि., १२
सुट्टी असून जळगावला, पिंप्राळ्याच्या घरी गेले नाही. अक्कांसोबत पाड्यावर गेले, खरं सांगायचं तर खोटं पकडायला. बाई सकाळी सातपासून पायी. चढ माझ्याच्यानं होईना, त्या पुढे. घर आलं की आधी चहा, त्याशिवाय कुणी सोडत नाही. अक्का अर्धा कप स्वतः घेतात, अर्धा त्या गरोदर बाईला. तिच्या तोंडात गोळी, वर चहाचा घोट. नुसत्या पाण्यानं मळमळतं म्हणून ही युक्ती, अक्कांचीच. रेखानंही माझ्यासमोर तशीच गिळली.
चहासोबत घेतलेलं लोह अंगी लागेल कसं! सगळ्या जणी इमानानं गोळ्या खातायत, आणि मी शिकलेली शहाणी, कशासोबत घेता एवढंही कधी विचारलं नाही.
वाटेत अक्कांना सांगितलं. वाटलं, सारवासारव करतील. पण त्या म्हणाल्या, "मन्हीच चूक शे, ताई. बठ्ठास्ले सांगसू." सगळ्यांना, अगदी घरोघर.

मंगळ., १४
संक्रांत. अक्का तिळगूळ घेऊन घरोघर. प्रत्येक दारात तेच: मी चुकीचं शिकवलं, गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नाही, लिंबाच्या पाण्यासोबत घ्या. रेखाच्या सासूनं चांगलंच फटकारलं म्हणे. ऐकून घेतलं आणि पुढच्या घरी. एवढा मोठेपणा मी कुठल्या साहेबात पाहिला नाही. माझ्यात तर नाहीच. रेखाची माफी मागायची राहिलीय.

बुध., २९
रेखा सात पॉइंट दोन! अक्कांना फोन केला, दोघी खुळ्यासारख्या हसलो. पण आठवा लागला, वेळ कुठाय? सर म्हणतात, धुळ्याला नेऊन रक्त चढवा. सासू म्हणते, परक्याचं रक्त नको. अक्का रोज सासूपाशी जाऊन बसतात. वाद घालत नाहीत, नुसत्या बसतात.

शनि., ८ फेब्रु., धुळे
रेखाला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सासूनंच अक्कांना हाक मारून गाडी बोलवायला लावली. मी घरी निघाले होते, ऐकलं तशी जळगावची बस धुळ्यात सोडली.
रक्त हवं होतं. मी बाही सारून पुढे. बोट टोचलं, आणि रक्तपेढीतली मुलगी म्हणाली, मॅडम, तुमचंच साडेनऊ आहे, चालणार नाही. माझं? रोज दुसऱ्यांची बोटं टोचते, स्वतःचं कधी... चढावर दम लागतो तो वयामुळे, असंच वाटायचं.
माझ्या जागी अक्का बसल्या. त्यांचं तेरा. पिशवी भरत असताना मला म्हणतात, इथं काय करता, पोरीजवळ जा.
गेले. माफी मागितली, सगळंच सांगून टाकलं. कळ येऊन गेली तशी रेखानं विचारलं, "ताई, तुम्हनंबी कमी शे का?" मी हो म्हटलं. तिनं माझा हात धरला. दोघींचे हात सारखेच गार.
आता तिला बाळंतपणासाठी आत घेतलंय, रक्तही लावलंय. सासू, अक्का, मी बाकावर. अजून कुणी बाहेर आलेलं नाही.