खळ्यातली रत्नागिरी ओपन

८ जून १९९८
काल टीव्हीवर पॅरिसची फायनल पाहिली. लाल माती! बूट लाल, मोजे लाल, चेंडूसुद्धा लाल. आमच्या खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, एक फेरी मारली की माझा लेंगा अगदी असाच होतो. कुसुमला म्हटलं, अगं, आपण क्ले कोर्टाचे मालक आहोत आणि तू तिथे आमसुलं वाळत घालतेस. ती म्हणाली, पॅरिसवाले कुठे वाळवतात ते त्यांचं त्यांनी बघावं.

निर्णय पक्का. दर मे महिन्यात आमच्या खळ्यात 'रत्नागिरी ओपन'. प्रोफेशनल. विजेत्याला हापूसची पेटी मिळणार, म्हणजे प्रोफेशनलच झाली. इतिहास आत्तापासूनच लिहायला घेतला, मागाहून तपशील सापडत नाहीत. पहिलं वाक्य तयार: 'या स्पर्धेचे पहिले विजेते म्हणजे तिचे संस्थापकच.' उद्यापासून पहाटे पाचला प्रॅक्टिस.

९ जून
पाऊस. प्रॅक्टिस दिवाळीनंतर.

२९ ऑक्टोबर १९९८
पाऊस संपला की खळं चोपून सारवायचं ही इथली रीत. यंदा चोपायला परवानगी, सारवायला बंदी. कामाला येणाऱ्या सखूला तसं बजावून शाळेत गेलो. सातवीला मातीचे प्रकार शिकवताना फार भरून आलं. घरी येऊन बघतो तर क्ले कोर्ट हिरवंगार! सखू म्हणाली, वैनींनी सांगितलानी, तुळशीचा लगीन तोंडावर आलाय, कोरा खळा बरा दिसत नाय.

आधी संतापलो. मग शांतपणे विचार केला. शेण म्हणजे शेवटी गवतच. तूर्त हे ग्रास कोर्ट. मोठ्या खेळाडूला दोन्हीची सवय हवी.

१६ मे १९९९, सकाळी
आज पहिली ओपन. मांडवी बंदरावरचा दुकानदार हारुन नेट घेऊन आला. जाळंच आहे, पण ताणलं की शोभतं. बांगड्याचा वास येतो, त्यामुळे शेजारपाजारची मांजरं आतापासून जागा धरून बसली आहेत. कुसुम नाकाला पदर लावून आत गेली.

तुळशीवृंदावन बरोबर डाव्या सर्व्हिस बॉक्समध्ये येतं. कुसुम म्हणते, वृंदावन हलणार नाही, हवं तर तुम्ही हला. म्हणून स्थानिक नियम केला: चेंडू वृंदावनाला लागल्यास लेट, नमस्कार करून पुन्हा सर्व्हिस. अंपायर आप्पा, म्हणजे माझे काका. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण माणूस निःपक्षपाती.

एंट्रीज दोन. मी आणि हारुन. बाकी अख्खी रत्नागिरी आंबे उतरवतेय. म्हणजे मी थेट फायनलला!

त्याच दिवशी, संध्याकाळी
०-६, १-६. तो एक गेम फारच सुंदर होता. हारुन कुवेतला एका क्लबात नोकरीला होता आणि तिथल्या साहेबांशी रोज खेळायचा, हे त्याने मला सामना संपल्यावर सांगितलं. शिवाय ऊन माझ्या डोळ्यांत होतं. बाजू बदलल्यावर तेही माझ्या मागे मागे आलं.

पेटी हारुनने नेली. स्पर्धेच्या फिरत्या ढालीवर नाव त्याचं. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की ढालीवर माझं नाव चढेपर्यंत हे खळं कोर्टच राहील. इथे वाळवण नाही, सारवण नाही, मांडव नाही. हारुन म्हणाला, मास्तर, असा बोलू नका, माणसाचा आयुष्य ता केवढासा.

१ जानेवारी २०००
नवं सहस्रक, नवा बॅकहँड. पाचला उठलो. पांढरी पँट इस्त्रीला गेलेली. लेंग्यात प्रॅक्टिस केली तर हालचाल चुकीची बसते. परत झोपलो.

२१ मे २०००
हरलो. मांजराने लक्ष विचलित केलं.

२० मे २००१
हारुन पहिल्या सेटमध्ये ५-० वर असताना दुकानातून निरोप आला आणि तो निघून गेला. निकाल: अनिर्णित, किंचित माझ्या बाजूला झुकलेला.

१९ मे २००२
यंदा तयारी पूर्ण होती. आरशासमोर सर्व्हिस चांगली पडत होती. चेंडू आल्यावर गणित बिघडलं. कुसुमची आंबापोळी चौथ्या वर्षी कौलांवर वाळते आहे. ती शिडीवरून खाली न बघता म्हणाली, पेटी दिलीत की मला वर ताट द्या.

११ जानेवारी २००३
आमच्या भार्गवीचं लग्न ठरलं. मुलगा अलोऱ्याचा, शौनक. सरळ आहे, टेनिस खेळत नाही. मुहूर्त ४ मे. कुसुम म्हणाली, मांडव दारातच पडेल, माझी मुलगी हॉलमधून जाणार नाही. मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. दोघी माझ्याशी बोलत नाहीत. भार्गवी रडली असं आप्पा म्हणाले. मला फार वाईट वाटलं, पण खेळाडूच्या आयुष्यात असे प्रसंग येतात.

३ फेब्रुवारी
हारुन आला होता. माझ्याकडे न येता थेट मागीलदारी कुसुमशी बोलत बसला. चहा झाला, हसणं झालं. जाताना म्हणाला, मास्तर, यंदा ओपन एप्रिलात घेऊया, गुडघ्यात मे महिन्यापर्यंत जीव ऱ्हायचा नाय. घाबरला! लगेच होकार दिला. उद्यापासून पाचला प्रॅक्टिस.

१३ एप्रिल २००३
जिंकलो!!! ६-०, ६-०!!!

हारुनच्या सर्व्हिस एकामागून एक वृंदावनावर. नमस्कार करून करून दमला बिचारा, मग उरलेल्या जाळ्यात. माझा एक फटका कुंपणापलीकडे आप्पांच्या फणसावर गेला, तर आप्पांनी ठासून 'इन' दिला. म्हणजे माझा टॉपस्पिन किती खाली उतरत असेल! प्रेक्षकही कधी नव्हे इतके. धोंडू मांडववाला त्याची सगळी माणसं घेऊन आला होता, प्रत्येकाच्या हातात पहार. खेळाची आवड अशी वाढते. शेवटच्या पॉइंटला कुसुमने टाळ्या वाजवल्या आणि सखू शेणाची बादली घेऊन धावतच आली.

ढाल लगेच हातात मिळाली. त्यावर माझं नाव रंगवून तयार, रंगही वाळलेला. घरच्यांचा माझ्यावर एवढा विश्वास होता!

५ मे २००३
काल लग्न झालं. मांडव दारातच. भार्गवी निघताना गळ्यात पडून रडली, मीही रडलो. मग डोळे पुसत हसली आणि म्हणाली, बाबा, हारुनकाकांना थँक्यू म्हणा हां. त्यांना चुकीचं मारायला जमतच नव्हतं. पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, रोज पहाटे जाऊन हरायचा सराव केलानी, रझियाकाकी चेंडू टाकायच्या.

मी इतिहासाची वही घेऊन पायरीवर बसलो. पाच वर्षांत या स्पर्धेसाठी पहाटे उठून प्रॅक्टिस एकानेच केली, आणि ती माझ्याकडून हरण्यासाठी.

इतिहासात काय लिहावं ते सुचत नाही. उरलेले लाडू घेऊन आता मांडवीला जातो.